ओव्हाळ मॅडमचं लक्ष

आमच्या ऑफिसात आलेला मेल मोठ्यानं वाचणारी एकच बाई होती. मजकूर नव्हे, पाठवणाऱ्याचा पत्ता. उजव्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवून, पाढे म्हणावेत तशा सुरात, एकेक अक्षर वाचायच्या. पत्ता संपला की "हं" म्हणायच्या आणि मगच माउसला हात लावायच्या. नव्या माणसाला वाटायचं, यांना इंग्रजी वाचायला जड जातंय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग एकदा त्यांनी मला एका पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले दाखवले. मी चष्मा पुसून पाहिलं तरी मला तो 'एम'च दिसत होता.

संघमित्रा ओव्हाळ. चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, त्या डिस्पॅच बघायच्या. आम्ही गाड्यांच्या पेडलचे ब्रॅकेट आणि तसलेच पत्र्याचे सुटे भाग बनवायचो. तयार माल ट्रेमध्ये भरायचा, प्रत्येक ट्रेला बारकोडचं लेबल लावायचं, बिलासकट ट्रकमध्ये चढवायचा आणि गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या गेटवर वेळेत पोचवायचा. मोठ्या कंपन्या माल साठवून ठेवत नाहीत. तिकडे गाड्या जोडायची लाइन सरकत असते आणि आपला ब्रॅकेट त्याच घटकेला तिथे हजर लागतो. नाही पोचला तर लाइन थांबते, आणि ती कुणामुळे थांबली ते कुणी विसरत नाही. मॅडममुळे लाइन थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तळेगाव चौकातल्या वाहतुकीचा हिशेब करूनच त्या ट्रक सोडायच्या.

मी क्वालिटीत होते. माझं टेबल त्यांच्या मागे. कंपनीची बस त्यांच्या निगडीहून सुटून स्पाइन रोडनं यायची, त्यामुळे मी चिखलीला चढेपर्यंत त्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवलेली असायची. मला त्या "अगं मेघा" म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. वयात बारा-पंधरा वर्षांचं अंतर असेल.

"आधी कोण आहे ते विचार, मग दार उघड," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. अनोळखी नंबर उचलायच्या नाहीत. ओळखीचा नंबर असला आणि पलीकडून कुणी गडबडीनं काही मागितलं, तर "ठेवा, मी करते" म्हणून फोन कापायच्या आणि स्वतः लावायच्या. एकदा त्यांच्या नावानं कुरिअरचं पार्सल आलं. पाठवणाऱ्याशी बोलणं होईपर्यंत त्यांनी ते सही करून घेतलं नाही. कुरिअरवाला चडफडत सिक्युरिटीच्या खुर्चीवर बसून राहिला. पार्सलमधून शेवटी एका पॅकिंग बॉक्सवाल्याचं नव्या वर्षाचं कॅलेंडर निघालं. ऑफिस हसलं, तशा त्याही हसल्या. पण पुढच्या पार्सलला पुन्हा तेच.

आमच्याकडचे कॉम्प्युटर सांभाळायला सतीश देवकते होता. परभणीचा, चाळिशीचा, कायम घाईत. त्यानं एका दिवाळीआधी आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली. मालकांच्या, म्हणजे बोऱ्हाडे साहेबांच्या नावानं एक मेल आला: 'बोनसची यादी, इथे क्लिक करा.' मी क्लिक केलं. अकाउंट्सनं केलं, स्टोअरनं केलं, एचआरवालीनंसुद्धा केलं. क्लिक करताच पडद्यावर देवकतेचा मजकूर यायचा की हा खोटा मेल होता, पुढच्या वेळी जपून. मॅडम मात्र उठून त्याच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सतीश, बोऱ्हाडे साहेब मेलमध्ये कधी 'डिअर ऑल' लिहीत नाहीत. ते काहीच लिहीत नाहीत. त्यांना मेल लिहायचा कंटाळा आहे."

या परीक्षेतून पुढचं सगळं निघालं.

मॅडमचं आणि अँटिव्हायरसचं जुनं वाकडं होतं. सकाळी दारात ट्रक उभे असताना, नेमकं तेव्हाच ते कॉम्प्युटर तपासायला घ्यायचं. पडदा गोठायचा, प्रिंटर मध्येच थांबायचा, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचे. एकदा तर त्यानं लेबल छापायचा प्रोग्रॅमच चोर समजून कोंडून टाकला आणि देवकतेला मोशीच्या ट्रॅफिकमधून फोनवर त्याची सुटका करावी लागली. परीक्षेनंतर मॅडमनी सरळ मालकांपुढे विषय काढला. त्यांचं म्हणणं असं: सगळ्यांनी क्लिक केलं, मी केलं नाही. मग माझ्याच मशीनवर हा पहारेकरी कशाला?

देवकते कँटीनमध्ये त्यांच्या समोर येऊन बसला. मी तिथेच होते. त्यानं समजावून बघितलं की माणूस कितीही जपून वागला तरी डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी असतात. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी सांगायलोय ते ऐका. आपल्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतंय ना? ऑपरेटर हुशार आहे म्हणून गार्ड काढतंय का कुणी?"

मॅडमनी डबा बंद केला. "माझे वडील पिंपरीत आयुष्यभर प्रेसवर होते," त्या म्हणाल्या. "त्या वेळी कुठलं गार्ड? असलं तरी उत्पादन वाढावं म्हणून तारेनं मागे बांधून ठेवायचे. त्यांच्या ओळखीतल्या किती जणांची बोटं गेली. आमच्या आप्पांची दहाच्या दहा शाबूत आहेत. का, माहितीय? लक्ष. मशीनसमोर उभं राहिलं की ते कुणाशी बोलायचे नाहीत. गार्ड आहे म्हटलं की माणूस लक्ष काढून घेतो, सतीश."

देवकते उठून गेला. मला मॅडमचंच पटलं होतं. आमच्यापैकी जे अँटिव्हायरसच्या भरवशावर होते त्यांनीच तर डोळे मिटून क्लिक केलं होतं.

बोऱ्हाडे साहेब हे मोशीकडचे जुने गावकरी. जमिनी गेल्या त्या पैशातून त्यांनी कंपनी काढली होती. ट्रक वेळेवर जाणं त्यांना बाकी कशाहूनही महत्त्वाचं. "मॅडमला नगं आसंल तर काढ की बाबा," ते देवकतेला म्हणाले. "त्या काय उगाच बोलायच्या न्हाईत." देवकतेनं काढलं. मॅडमचं मशीन पळायला लागलं आणि सकाळचे हॉर्न बंद झाले.

पुढची दोन-अडीच वर्षं काहीही झालं नाही. मॅडम पत्ते वाचत राहिल्या आणि देवकते तो विषय विसरून गेला.

त्या दिवशी सकाळी त्यांना फडक्यांचा मेल आला. फडके म्हणजे मोठ्या कंपनीत आमच्या मालाचं शेड्यूल ठरवणारे गृहस्थ. दोघांची ओळख फक्त आवाजाची. इतक्या वर्षांत एकमेकांना पाहिलेलं नाही, पण फडक्यांना सर्दी झाली तर मॅडमना 'हॅलो'वरून कळायचं. मेल नवा नव्हता. दोघांचं आदल्या आठवड्यापासून जे लिहिणं चाललं होतं त्यालाच दिलेलं उत्तर होतं, खाली मॅडमचा स्वतःचा मजकूर जसाच्या तसा. वर एवढंच, की शेड्यूल तातडीनं बदललंय, फाइल जोडली आहे.

मॅडमनी पत्ता वाचला. मागे बसून मी ऐकत होते. अक्षर न् अक्षर बरोबर. तरीही त्यांनी "हं" म्हटलं नाही. फडके फाइल अशी झिपमध्ये गुंडाळून पाठवत नाहीत, असं काहीतरी पुटपुटल्या आणि फोन उचलला. फडके घाईत होते. फोनमधून त्यांच्याकडच्या शॉपचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मॅडमनी विचारलं, "फडके, शेड्यूल पाठवलंत का तुम्ही?" ते म्हणाले, हो हो मॅडम, पाठवलंय, बघा आणि लगेच कळवा. फोन बंद झाला.

आणि हे खरं होतं. फडक्यांनी त्या सकाळी शेड्यूल पाठवलंच होतं. फक्त ते हे नव्हतं. त्यांचं ते त्यांच्या कंपनीच्या पोर्टलवर पडलेलं होतं, आणि हा मेल त्यांच्या मेलबॉक्समध्ये शिरून बसलेल्या दुसऱ्याच कुणीतरी पाठवलेला होता. पण हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मॅडमनी एखाद्या माणसानं जेवढं करायचं तेवढं सगळं केलेलं होतं. त्यांनी फाइल उघडली.

कोरा तक्ता निघाला. त्यांनी पुन्हा उघडून पाहिली. मग पोर्टलवर गेल्या, तिथे शेड्यूल दिसलं, तेव्हा फडक्यांनी चुकून रिकामी फाइल पाठवली असेल असं म्हणून कामाला लागल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या पडद्यावर कोपऱ्यात एक लाल चौकट आली. काहीतरी धोकादायक पकडलं आहे, अडवलं आहे. मी देवकतेला हाक मारणार तेवढ्यात अकाउंट्समधून कुणीतरी विचारलं, फाइलींची नावं कुणी बदलली का. प्रत्येक नावापुढे एक विचित्र शेपूट जोडलेलं होतं आणि एकही उघडत नव्हती. मग मॅडमचा प्रिंटर थांबला. अर्धं छापलेलं लेबल तोंडात धरून नुसता उभा.

देवकते धावत आला. माझी लाल चौकट पाहिली, मॅडमचा पडदा पाहिला, आणि त्याचा चेहरा पार उतरला. "वायर काढा," तो म्हणाला. "सगळ्यांनी नेटवर्कच्या वायरी काढा. विचारू नका, काढा." तो स्वतः गुडघ्यांवर बसून टेबलांखाली शिरला आणि हाताला येईल ती वायर उपटत सुटला. आम्ही बाकावरून वह्या ओढाव्यात तशा वायरी ओढत होतो. ऑफिसभर एकदम इतकी शांतता झाली की शॉपमधल्या प्रेसचे ठोके पायाखाली जाणवायला लागले.

मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोरचा पडदा काळा झाला होता आणि त्यावर इंग्रजीत खंडणीचा मजकूर होता. त्यांनी बोट टेकवून तोही वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेघा, तो कोरा तक्ता."

बाहेर दोन ट्रक उभे होते. एक भरलेला, एक अर्धा. लेबल नाही, बिल नाही. मोठ्या कंपनीची लाइन संध्याकाळपर्यंत कशीबशी चालेल एवढाच माल तिकडे होता. मॅडम उठल्या, पॅकिंगच्या बायकांना बोलावलं, कोरे स्टिकर आणि मार्कर वाटले. प्रत्येक पार्ट नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्या सांगत गेल्या आणि बायका लिहीत गेल्या. आशा नावाची चिखलीची मुलगी होती, तिचं अक्षर चांगलं, ती सगळ्यात पुढे. मॅडमचा आवाज जराही हलत नव्हता.

हातानं लिहिलेली लेबलं गेटवर घेतील का, हे विचारायला त्यांनी फडक्यांना फोन लावला. त्यातच फडक्यांना कळलं की मेल त्यांच्या पत्त्यावरून आला होता. मग त्यांनी विनवणी केली. मॅडमनी फोन कानापासून थोडा दूर धरला होता, म्हणून मला ऐकू आलं. "मॅडम, माझं नाव घेऊ नका. मुलीचं लग्न ठरलंय. हे आमच्याकडं कळलं तर मला ठेवणार नाहीत."

मॅडमनी डोळे मिटले. फडक्यांचं नाव घेतलं की त्यांची सुटका होती, हे मला दिसत होतं. पत्ता फडक्यांचा, होकार फडक्यांचा. मॅडमकडे बोट दाखवायला कुणाला जागाच उरली नसती. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर ढकलणार नाही मी. उघडलं मी. पण फडके, तो मेल मला एकटीला आला असेल का? तुम्हाला माल देणारे किती व्हेंडर आहेत, भोसरीपासून इथपर्यंत? एखादी माझ्यासारखीच आत्ता तुम्हाला फोन करत असेल आणि तुम्ही हो म्हणाल. आधी तुमच्या साहेबांना सांगा. आत्ता. मी लाइनवर आहे."

त्यांनी फोन ठेवला नाही. बाहेर ट्रकचं इंजिन सुरूच होतं. फडके चालत कुणाच्या तरी केबिनमध्ये गेल्याचा, दार वाजल्याचा, मग अडखळत बोलल्याचा आवाज येत राहिला. तेवढं ऐकल्यावरच मॅडमनी फोन खाली ठेवला. नंतर कळलं, दोघा-तिघा व्हेंडरांनी तो मेल उघडायच्या आत पुसून टाकला. गेटवरही आमची हातानं लिहिलेली लेबलं त्या दिवसापुरती चालली.

लाइन थांबली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आमचं सगळं आंधळं झालं. कुठला माल तयार, कुणाचं किती बाकी, कशाचाच पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोऱ्हाडे साहेबांनी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये उभं केलं. ते ओरडणारे गृहस्थ, पण त्या दिवशी हळू बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "पैसं मी कुणा चोराला देणार न्हाई," ते म्हणाले. "पर कुणाच्या मशिनीतून आलं, ते मला कळलं पायजे."

देवकते भिंतीला टेकून उभा होता. त्याला माहीत होतं. अँटिव्हायरस काढल्याची नोंद त्याच्या नावावर होती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो जमिनीकडे बघत होता. त्यानं तोंड उघडायच्या आधी ओव्हाळ मॅडम एक पाऊल पुढे आल्या. "माझ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांना ऐकू आलं नाही असं वाटलं. "तुमच्या?" त्यांनी विचारलं. मग देवकतेकडे वळले. "मंग हिकडं काय नव्हतं का तुझं ते? का काढलंस?"

"मी सांगितलं म्हणून काढलं," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही हो म्हणालात म्हणून. तो नको म्हणत होता."

मालकांना तोंडावर असं बोलणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. साहेब बराच वेळ टेबलावर तळहात घासत राहिले. मग म्हणाले, "व्हय. म्हनलो हुतो." आणि थोड्या वेळानं, "मॅडम, तुमी चार दिस घरी ऱ्हावा." त्यांना ते कदाचित मायेनंच म्हणायचं असेल. मॅडमना मात्र ती शिक्षा वाटली. बसची वाटही न बघता त्या मिळेल त्या शेअर रिक्षानं निघून गेल्या.

चार दिवस झाले, आठवडा झाला, त्या आल्या नाहीत. देवकतेनं एका सुट्या ठेवलेल्या डिस्कवरून फाइलींचा जुना साठा परत चढवला. मधल्या काळातलं सगळं आम्ही चलनांवरून पुन्हा भरत बसलो. मोठ्या कंपनीनं आमचा एक पार्ट दुसऱ्या व्हेंडरकडे वळवला. एक पार्ट कमी झाला म्हणून पॅकिंगच्या कंत्राटी बायकांना सांगण्यात आलं, सध्या येऊ नका. त्यात आशाही होती.

गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला मी निगडीला त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खाटेवर आप्पा बसलेले. मांडीवर परात घेऊन मेथी निवडत होते. मी जयभीम केला. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आत हाक मारली, "मित्रा, कंपनीतली आलीय." मॅडम बाहेर आल्या. केस नुसतेच गुंडाळलेले. मी इकडचं तिकडचं बोलले, पॅकिंगचं बोलणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. त्या खाली बघून म्हणाल्या, "माझं लक्ष कुठे कमी पडलं, तेच मला सापडत नाहीये, मेघा. रोज पहिल्यापासून आठवते. तू मागे होतीस. काय राहिलं माझं?"

मी म्हणाले, काहीच नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. काहीतरी राहिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

आप्पांनी परात बाजूला ठेवली. "मित्रा," ते म्हणाले, "तू शाळेत असल्यापासून माझी बोटं लोकांना दाखवत आलीस. आज ऐक. तुझं पाचवीला नाव घालायचं होतं त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली. माझ्या प्रेसवर शिवराम उभा राहिला. माझ्याइतकाच जपून काम करणारा. गार्ड तारेनं बांधलेलं होतं, क्लच नीट सुटत नव्हता, माझं फोरमनला सांगूनही झालं होतं. शिवरामनं पायडल दाबलं नव्हतं. प्रेस आपणहून दुसऱ्यांदा खाली आली." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "चार गेली त्याची. त्याचं लक्ष होतं, बाळ. मी तिथे असतो तर माझंही असतंच."

आत गॅसवर चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. मॅडमनी विचारलं, शिवराम कुठे असतात. आप्पा म्हणाले, गावी गेला, पुढे काही कळलं नाही. मग मॅडमनी विचारलं, "इतकी वर्षं मला बोलू का दिलंत?"

"तू सांगायचीस तेव्हा बरं वाटायचं," आप्पा म्हणाले.

मॅडम उठून आत गेल्या. बराच वेळ ओटा पुसत राहिल्याचा आवाज येत होता. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

पुढच्या आठवड्यात बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरलेली होती. ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी देवकतेला बोलावलं आणि अँटिव्हायरस टाकायला सांगितलं. देवकते ओशाळून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? मेघा मॅडमच्या मशीनवर त्यानं पकडलं. पण अकाउंट्समध्ये तेच होतं, तिथं त्यानं कायबी केलं नाही. तुमच्याकडं असतं तर थांबलं असतं का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कदाचित."

"त्या कदाचितसाठीच टाक," मॅडम म्हणाल्या. "आणि लेबलचा प्रोग्रॅम कोंडणार नाही एवढं बघ."

मग त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल होता. महिन्याभरात पॅकिंगच्या बऱ्याचशा बायका परत दिसायला लागल्या. आशा आली नाही. तिला तोवर दुसरीकडे काम लागलं होतं. मॅडम एका गुरुवारी चिखलीला तिच्या घरी जाऊन आल्या, एवढं मला तिच्या शेजारणीकडून कळलं. स्वतः त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पत्ते त्या अजूनही मोठ्यानं वाचायच्या. फक्त शेवटच्या "हं"मध्ये पहिली खात्री राहिली नव्हती.

वर्षभरानं मला तळेगावला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये केक कापला. मॅडम आल्या नाहीत, ट्रक लागलाय असं कुणीतरी सांगितलं. निघताना मीच डिस्पॅचकडे गेले. दारात भरलेला ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. आत मॅडमच्या पडद्यावर लाल चौकट आलेली होती. शेजारी देवकते वाकून काहीतरी वाचत होता. तो म्हणाला, बहुतेक उगाचच आहे, पण दहा मिनिटं लागतील. हॉर्न पुन्हा वाजला. मॅडमनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले होते. दाराकडे न बघताच त्या सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "थांबू दे गाडी."

मग मी दिसले. त्यांनी एक हात वर केला. दुसरा मांडीवरच होता, आणि नजर पुन्हा पडद्यावर.